गुरुवारी वर्ग नाही

सरांच्या डाव्या पायात तांबडा बूट असे आणि उजव्या पायात पांढरा. कॅनव्हासचा पांढरा जोड आणून त्यातला डावा बूट ते स्वतः तांबड्या रंगानं रंगवीत. लग्नाला, बँकेत, कुणाच्या दहाव्यालासुद्धा ते याच बुटांत गेलेले मी पाहिले आहेत. महाडच्या बाजारपेठेत एखादा दुकानदार हटकायचा, "काय सर, अंधारात निघालात वाटतं!" सर त्याच्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघत म्हणायचे, "तुमचा डावा हात वर करा बघू. पटकन." दुकानदार गोंधळायचा. आधी एक हात उचलायचा, मग दुसरा. "बघा, तुम्हालाही विचार करावा लागतो. माझ्या मुलांना लागत नाही. तांबडा तो डावा," असं म्हणून सर चालू लागायचे.

त्यांची मुलं म्हणजे आमची मुलं. सरांनी लग्न केलं नव्हतं. पोलादपूरच्या एका शाळेत ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते, आणि निवृत्तीच्या बऱ्याच आधीपासून महाडात स्वमग्न मुलांना बॅडमिंटन शिकवत होते. रोज दुपारी पोलादपूरहून स्कूटरवर यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. गुरुवार सोडून. वर्गाच्या दाराला एक पाटी टांगलेली असायची, शाळेत असते तशी, लाकडी चौकटीची. तिच्यावर खडूनं लिहिलेलं होतं : "गुरुवारी वर्ग नाही. सर कुडपणला." खडू पुसट झाला की ते त्याच अक्षरांवरून पुन्हा गिरवायचे. शब्द कधी बदलले नाहीत. कुडपण हे पोलादपूरच्या वर डोंगरातलं गाव, एवढंच आम्हाला माहीत होतं.

वर्ग म्हणजे बंद पडलेल्या भातगिरणीची मागची शेड. वर पत्रे, खाली कोबा. सावित्रीच्या पुराचं पाणी उतरल्यावर भिंतीवर चिखलाची एक रेघ राहिली होती, चारही बाजूंनी, फूटपट्टी लावून आखल्यासारखी. महाडात अशा रेघा घरोघरी होत्या आणि लोकांनी चुना मारून त्या झाकल्या होत्या. गिरणीचे मालकही रंगाऱ्याला घेऊन आले. सर शिडीपुढे उभे राहिले. "ही पुसू नका. ही माझी जाळी आहे." आणि खरोखरच ती रेघ बॅडमिंटनच्या जाळीच्या उंचीला होती. "आत शिरताना पाण्यानं नियम वाचला असणार," सर म्हणाले. मालक हसले नाहीत, पण रंगाऱ्याला घेऊन परत गेले. तेव्हापासून भिंतीवर शटल मारणाऱ्या मुलाला सर एवढंच सांगायचे, "पुराच्या वर." रेघेच्या खाली लागलं तर काही बोलायचे नाहीत.

मी इथल्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. माझी मुलगी जुई सहा वर्षांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा सरांकडे नेलं. आता ती अकराची आहे. तेव्हा तिला पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेता यायचा नाही. जिना चढताना प्रत्येक पायरीवर ती दोन्ही पाय जोडून उभी राहायची. तिच्याकडे फेकलेली वस्तू अंगावर आदळेपर्यंत तिला दिसायचीच नाही जणू. बोलायची ती फार थोडं, आणि तेही बहुतेक भिंतीशी. पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर "हात आणि डोळा यांचा समन्वय, तोल, कारक कौशल्ये" असे शब्द होते. मी ते शब्द कोशांत पाहिले, लेख वाचले, टिपणं काढली. माझी ती सवय आहे. पेला मात्र सांडतच राहिला.

पहिल्या दिवशी सरांनी आमचा नमस्कारही घेतला नाही. ते आमच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले होते आणि स्टोव्हवरच्या चहाच्या किटलीच्या वाफेवर एक शटल धरून त्याची मोडलेली पिसं सरळ करत होते. जुई दाराशी उभी राहिली. आम्हीही उभे. अर्ध्या तासानं सर म्हणाले, "उद्या या." झालं, संपला वर्ग.

रिक्षात जुईची आई म्हणाली, "हे शिकवणार? यांनाच आधी कुणीतरी माणसांत बसायला शिकवायला हवं."

"उद्या जाऊन तर बघू."

"जा तुम्ही. पिसांचा चहा मिळेल तुम्हाला."

तो मला पुढे खरोखरच मिळाला. सरांच्या चहात कधीकधी पिसाचा बारीक तुकडा सापडायचा. तो बोटानं काढून बाजूला ठेवायचा आणि चहा प्यायचा, असा आम्हा पालकांचा रिवाज पडला.

चौथ्या दिवशी जुई आपण होऊन किटलीजवळ गेली. सरांनी तिच्याकडे बघितलं नाही. फक्त हातातलं शटल जमिनीवर तिच्या बाजूला ठेवलं. तिनं ते उचललं, पिसं गालावरून फिरवली, परत ठेवलं. सर म्हणाले, "झालं." त्यांची शाबासकी ती एवढीच. "शाब्बास" म्हणायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, "पुन्हा एकदा कर बाळा" असं तर अजिबात नाही, हे नियम त्यांनी पालकांना पहिल्याच आठवड्यात सांगितले. एका आजोबांना राहवलं नाही आणि त्यांनी टाळी वाजवली, तेव्हा तीन मुलं कानांवर हात ठेवून कोपऱ्यात गेली. सरांनी त्या आजोबांना आठवडाभर खिशात हात घालून बसायला लावलं. "आनंद तुमचा आहे ना? मग तुमच्याच खिशात ठेवा."

शिकवण्याची त्यांची पद्धत कुठल्या पुस्तकात मला सापडली नाही, आणि मी शोधली होती. रॅकेट ते सहा-सहा महिने हातात देत नसत. सुरुवात चपलेपासून. रबरी स्लीपर, कोरी, जमिनीला न लागलेली. तिच्या पट्ट्यात मुलाचा तळवा अडकवायचा. "रॅकेट हातापासून दूर असते," ते सांगायचे, "आपला हात कुठे संपतो हेच ज्याला नीट कळत नाही, त्याला ती काय कळणार? चप्पल म्हणजे थोडा मोठा झालेला तळवा." पत्र्याखालच्या वाशाला दोरीनं एक फुगा टांगलेला असे. त्यावर जुन्या साडीच्या कापडाची पिशवी शिवलेली, म्हणजे फुटला तरी आवाज होऊ नये. मूल त्या फुग्याला चपलेनं ढकलायचं. फुगा सावकाश जायचा आणि सावकाश परत यायचा. येताना बघायला वेळ मिळायचा. दोन महिन्यांनी दोरी लांब. मग दोरीशिवाय फुगा. मग दांडा करवतीनं कापून आखूड केलेली, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली रॅकेट. आणि सगळ्यात शेवटी शटल, तेही पिसांना पिवळी चिंधी बांधलेलं, म्हणजे नजरेला धरायला काहीतरी असावं.

जुईला फुग्यापासून शटलपर्यंत यायला दोन वर्षं लागली. शटल पहिल्यांदा पुराच्या वर लागलं त्या दिवशी मी खिशात हात घालून बसलो होतो. त्यानंतर काही दिवसांनी घरी तिनं पेला उचलला, पाणी प्याली, खाली ठेवला. मी सरांना सांगितलं. ते शटलला पीस लावत होते. "मी काही बरंबिरं करत नाही हां, वाचणारे," ते म्हणाले. मला ते वाचणारे म्हणत. "मी बॅडमिंटन शिकवतो. पाणी तिची ती प्याली."

सरांची एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. एका पावसाळ्यात कशेडी घाटात दरड येऊन गाड्या अडल्या होत्या. त्यांची रांग पोलादपूरच्याही अलीकडे आल्यामुळे सरांना परत जाता येईना. मुलं घरी गेली होती. जुई कोपऱ्यात बसून कोब्यावर खडूनं रेघा काढत होती. मी सहज विचारलं, "सर, कुडपणला कोण आहे तुमचं?"

सरांनी स्टोव्ह बारीक केला. मग किटलीकडे बघत बोलू लागले.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्यांच्या वर्गात कुडपणचा एक मुलगा होता, म्हादू. पोलादपुरात मामाकडे राहून शिकायचा. पाचवीत. त्याला चेंडू झेलता यायचा नाही. झेलता यायचा नाही एवढंच नव्हे, तर चेंडू येताना तो दुसरीकडेच बघायचा. सरांना वाटलं, पोरगा मुद्दाम करतो, आपली चेष्टा करतो. "तेव्हा मी शिट्टीवाला मास्तर होतो. माझ्या शिट्टीला सगळी शाळा थांबायची. आणि हा एक बघतसुद्धा नाही." त्यांनी म्हादूला भर मैदानात, उन्हात उभं केलं. दोन्ही हातांत चेंडू दिला आणि सांगितलं, शाळा सुटेपर्यंत असाच धरून उभा राहा. शाळा सुटली. सर विसरले. संध्याकाळी शिपाई सांगायला आला तेव्हा म्हादू तिथेच उभा होता, चेंडू तसाच धरून. त्याला "शाळा सुटली" हे कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. त्याची चड्डी ओली झाली होती.

"दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मग कधीच आला नाही. मला काही वाटलंसुद्धा नाही, वाचणारे. पटावर एक नाव कमी झालं, एवढंच."

पुढे बऱ्याच वर्षांनी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात त्यांना एक कागद वाटला गेला. स्वमग्न मूल कसं ओळखावं. "मी तो कागद वाचत होतो आणि ओळीओळीला मला म्हादू दिसत होता. बघत नाही. सांगितलेलं तसंच्या तसं धरून ठेवतो. मी कागद घडी करून खिशात घातला आणि त्याच गुरुवारी कुडपणला गेलो."

म्हादूच्या आईनं त्यांना ओळखलं आणि दार लावून घेतलं. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा गेले. मग दर गुरुवारी. दार उघडायचं नाही. सर पलीकडच्या खळ्यात जायचे आणि गोठ्याच्या भिंतीवर एकटेच शटल मारत राहायचे. कुडपणच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, ऊन चढलं की वारा सुटतो आणि शटल हातात राहत नाही, म्हणून पहाटे पोलादपुरातून निघायचं आणि वारा सुटला की परत यायचं. शटलच्या बुचाला थोडं मेण लावायचं, म्हणजे ते जड होतं. असे तीन महिने गेले. एक दिवस म्हशी सोडून आलेला तिशीचा म्हादू खळ्याच्या कडेला उभा राहिला आणि शटलकडे बघू लागला.

त्याला शिकवायला म्हणून सरांनी पिशवीतून कोरी चप्पल काढली आणि त्याच्या हातात अडकवली. तेव्हा ती म्हातारी पहिल्यांदा बोलली. सर तिच्या आवाजात सांगत होते, त्यांना तिचा प्रत्येक शब्द पाठ होता.

"आदी माझ्या पोराला उनात उभा केलाव, नि आता त्याच्या हातात पायतान देताव, गुरुजी? अजून काय करायचा ऱ्हायलाय तुमचा?"

 सरांकडे समजावून सांगण्यासारखं बरंच होतं, तळवा, हात, डोळा, पण ते त्यांनी बाजूला ठेवलं. त्यांनी दुसरी चप्पल स्वतःच्या हातात अडकवली आणि तिच्यापुढे तशीच, दोन्ही हात जोडल्यासारखे करून उभे राहिले. एका हातात चप्पल, दुसरा उघडा. म्हातारी बघत राहिली. मग आत गेली. दार उघडंच राहिलं.

"पुढल्या गुरुवारी गेलो तर म्हादूच्या हातात नवी कोरी चप्पल होती. निळ्या पट्ट्याची. माझी पांढऱ्या पट्ट्याची होती. म्हातारीनं पोलादपूरच्या बाजारातून आणलेली."

"म्हणजे तिनं तुम्हाला माफ केलं," मी म्हणालो.

"तिनं चप्पल आणली," सर म्हणाले. "मी जास्तीचं धरत नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि आता मला तीच अधिक आठवते. वर्गात प्रत्येक मुलासाठी सरांची वेगळी खूण होती. जुईला शटल मारण्याआधी ते रॅकेट जमिनीवर दोनदा टेकवायचे, टक टक. तेवढं झालं की ती तयार व्हायची. एका मुलासाठी ते जीभ टाळ्याला लावून आवाज काढायचे. म्हादू म्हशी थांबवताना "हॉऽ" करायचा, म्हणून त्याच्यासाठी "हॉऽ". प्रत्येक मूल आपल्या खुणेनंच उघडायचं. त्या आधीच्या आठवड्यात सर तापानं आले नव्हते, म्हणून मी जुईशी खेळायचा प्रयत्न केला होता. दोनदा रॅकेटही टेकवली होती. तिनं आपली रॅकेट खाली ठेवली आणि दाराकडे बघत बसली.

ते मी सांगितल्यावर सरांचा हात किटलीवर थांबला. "ही माझी दुसरी चूक," ते म्हणाले. "मी यांना माझ्याशी खेळायला शिकवलं. खेळायला शिकवलं नाही. प्रत्येकाला वेगळं दार केलं आणि किल्ल्या सगळ्या माझ्याच खिशात." त्यानंतर ते दोन-दोन मुलांना समोरासमोर उभं करून बघू लागले. मुलं रॅकेट धरून उभी राहायची, एकमेकांकडे नाही, सरांकडे बघत. वर्षभर हे चाललं. एकही जोडी जमली नाही. मी त्यांना एवढं थकलेलं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "माझ्यानंतर काय, वाचणारे?" असं ते एकदाच म्हणाले. मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. ते मला आता आठवत नाही, आणि बरं आहे.

या चैत्रात सर गेले. पोलादपूरला, घरी, झोपेत. गुरुवारी पहाटे स्कूटर सुरू झाली नाही म्हणून शेजाऱ्यांनी दार वाजवलं. सावित्रीच्या काठी अंत्यविधीला आम्ही दहा-बारा पालक आणि त्यांचे काही जुने विद्यार्थी होतो. परत आलो तेव्हा त्यांच्या उंबऱ्याबाहेर बूट होते, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. त्यांच्या बहिणीनं रॅकेटची पिशवी माझ्या हाती दिली. "तुम्हीच न्या. आम्हाला यातलं काही कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. जुईला कसं सांगायचं हेसुद्धा नाही. सरांचं एक म्हणणं होतं, "या मुलांना खोटं सांगू नका. तुम्ही सांगाल ते ती धरून ठेवतात." मला ते पाठ होतं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी साडेचार वाजता ती चपला घालून दारात उभी राहिली तेव्हा मी म्हणालो, "आज सुट्टी आहे." ती ऐकेना म्हणून तिला शेडपर्यंत नेलं, कुलूप दाखवलं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही. गुरुवार सोडून रोज आम्ही त्या कुलपापुढे जाऊन उभे राहिलो. घरी तिनं रॅकेट कपाटाखाली सरकवून ठेवली. नवव्या दिवशी जेवताना पेला तिच्या हातातून निसटला. तिची आई फरशी पुसता पुसता थांबली.

"किती दिवस सुट्टी देणार आहात तिला?" ती म्हणाली. "म्हादूची गोष्ट मला तुम्हीच सांगितलीत ना? चेंडू धरून उभा होता, कुणी सांगितलं नाही म्हणून. आपली पोर तशीच उभी आहे."

तेव्हा मी जुईजवळ खाली बसलो आणि तिच्या खांद्याकडे बघत सांगितलं, "सर मेले. आता ते परत येणार नाहीत. वर्गात येणार नाहीत." माझ्या आयुष्यात मी इतकं सरळ वाक्य क्वचितच बोललो असेन.

जुईनं सांडलेल्या पाण्यात बोट फिरवलं. मग म्हणाली, "गुरुवार."

"नाही बेटा. गुरुवारीही नाही."

"गुरुवार. सर कुडपणला."

पाटीवर तसं लिहिलं होतं. पाटी सरांनी लिहिली होती, आणि सर खोटं सांगत नसत. वर्गात नसलेले सर कुठे असतात हे तिला माहीत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की कुडपणलाही कुणी कळवलेलं नसणार. त्यांच्याकडे फोन लागत नाही असं सर म्हणायचे. तिथेही दोन गुरुवार एक माणूस उभा असेल.

पुढच्या गुरुवारी उजाडताना जुई आणि मी पोलादपूर सोडून वर चढत होतो. भाड्याची जीप होती. घर विचारावं लागलं नाही. खळ्यात एक उंच, केस पिकू लागलेला माणूस हातात रॅकेट घेऊन उभा होता. खळं लख्ख झाडलेलं. गोठ्याच्या खुंटीला निळ्या पट्ट्याची चप्पल टांगलेली होती, एकच, झिजून पातळ झालेली.

म्हातारी ओट्यावर आली. आमच्या मागे रस्त्याकडे बघू लागली.

"गुरुजी नाय आलं ते?"

मी सांगितलं. जुईला सांगितलं तसंच सांगितलं.

ती ओट्यावर बसली. पदर तोंडाला लावला नाही, काही नाही. लेकाकडे बघत बोलू लागली. "दोन येळा झाला. ह्यो फाटेफाटे उठतो, खला झाडतो नि उभा ऱ्हातो. मी बोलले, ताप आला आसल म्हाताऱ्याला." मग म्हणाली, "मी त्यांना चाय देत हुते, भाकर देत हुते. पन माज्या मनात आता काय नाय, ह्या बोलले नाय कदी. बोलायचा ऱ्हायला. ते दर येळंला त्या खांबाशी थांबायचं वाईच. वाट बघायचं आसतील काय ओ, मी बोलंन म्हनून?"

"तुम्ही चप्पल आणलीत, हे त्यांनी मला सांगितलं होतं," मी म्हणालो.

"आसा?" ती म्हणाली. "ते सांगितला त्यांनी?"

"अगदी पट्ट्याच्या रंगासकट."

तिनं मान हलवली आणि दुसरीकडे बघू लागली.

मग तिनं लेकाला हाक मारली. "म्हादू, आयक रं. गुरुजी मेलं. आता यायचं नायत." म्हादूनं रॅकेट खाली केली नाही. तो जिथे सर उभे राहत असणार त्या जागेकडे बघत होता. खळ्याच्या त्या टोकाला दोन पावलांची माती झिजून खोलगट झाली होती.

जुई तिथे गेली. तिला कुणी सांगितलं नाही. तिनं त्या दोन खळग्यांत पाय ठेवले, डावा, उजवा, आणि माझ्याकडे हात केला. मी पिशवीतून तिची रॅकेट काढून दिली. कपाटाखालून काढून आणली होती, उगाच. शटलही दिलं, मेण लावलेलं, पिवळ्या चिंधीचं, सरांच्या पिशवीतलं शेवटचं नीट केलेलं.

जुईनं रॅकेट जमिनीवर टेकवली. टक टक. म्हादू हलला नाही. त्याला त्या आवाजाचं काही नव्हतं. तिनं पुन्हा टेकवली, टक टक. म्हादू आपल्या हॉची वाट बघत होता, आणि जुई कशाची वाट बघत होती मला कळत नव्हतं. ही तसलीच जोडी होती, सरांना वर्षभर न जमलेल्या जोड्यांसारखी. मी तोंड उघडणार होतो. त्या आवाजाची नक्कल मला करता आली असती. म्हातारीही पुढे झुकली होती. मी खिशात हात घातले. शेडमध्ये सर असते तर त्यांनी आम्हा दोघांना बाहेर काढलं असतं.

झाडीतून ऊन सड्यावर येऊ लागलं होतं. थोड्याच वेळात वारा सुटला असता.

शेवटी म्हादू कंटाळला असावा. किंवा खाली एखादी म्हैस बांधावरून शिरत असेल. तो त्या बाजूला तोंड करून स्वतःच्याच सवयीनं ओरडला, "हॉऽऽ!"

जुईनं दोन्ही हात कानांवर नेले. रॅकेट आणि शटल खाली पडलं. आता ती बसेल, मला वाटलं, आता डोळे मिटून घेईल आणि मला तिला उचलून जीपपर्यंत न्यावं लागेल. ती बसली नाही. कानांवर हात तसेच ठेवून ती म्हादूकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही, खांद्याकडे. मग एक हात खाली आला. मग दुसरा. तिनं वाकून शटल उचललं, रॅकेट धरली, आणि अगदी हळू, भिंतीशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "हॉ."

म्हादूची रॅकेट वर आली.